समालोचन कक्ष की प्रतीक्षालय?

नोव्हेंबर २०२५ मध्ये गुवाहाटीच्या कसोटीत दक्षिण आफ्रिकेने भारताचा ४०८ धावांनी पराभव केला आणि मालिका २-० अशी खिशात घातली. त्याआधी तेराच महिन्यांपूर्वी न्यूझीलंडने आपल्याच मैदानांवर आपल्याला ३-० असे धुऊन काढले होते. साहजिकच प्रशिक्षक गौतम गंभीर यांच्या नावाने बोटे मोडण्यास सुरुवात झाली. मधल्या काळात याच संघाने मार्च २०२५ मध्ये चॅम्पियन्स करंडक जिंकला होता, हे अशा वेळी कोणाच्या लक्षात राहात नाही. जळगावच्या फुले मार्केटात काय किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर काय, पराभवानंतर हमखास ऐकू येणारे एक वाक्य असते : यापेक्षा रवी शास्त्रीच बरे होते, त्यांनाच परत बोलवा.

ही मागणी वरवर पाहता भाबडी वाटेल. पण तिच्या पोटात एक गंभीर प्रश्न दडलेला आहे. प्रशिक्षकपद सोडून ज्याने मायक्रोफोन हाती घेतला, त्याने पुन्हा मैदानात उतरावे काय? आणि उतरायचे तर कोणत्या अटींवर?

फुटबॉलच्या जगाला हा प्रश्न नवा नाही. हातात चेंडू घेऊन खेळल्या जाणाऱ्या अमेरिकन फुटबॉलमध्ये तर तो दर हंगामात चर्चिला जातो. डिक व्हर्मील हे फिलाडेल्फियाचे प्रशिक्षक १९८२ च्या हंगामानंतर अतिश्रमाने थकून बाहेर पडले. चौदा वर्षे त्यांनी दूरचित्रवाणीवर विश्लेषण केले आणि १९९७ मध्ये सेंट लुईसच्या संघाची सूत्रे स्वीकारली. पहिल्या हंगामात ५ विजय आणि ११ पराभव, दुसऱ्यात ४ आणि १२. लोकांनी त्यांना कालबाह्य ठरवले. तिसऱ्या हंगामात मात्र हाच संघ अजिंक्य ठरला आणि जानेवारी २००० मध्ये सुपर बोल जिंकला. याच्या अगदी उलट जॉन ग्रुडन यांची कथा. नऊ हंगाम ते दूरचित्रवाणीवर झळकले. २०१८ मध्ये रेडर्स संघाने त्यांना दहा वर्षांसाठी तब्बल दहा कोटी डॉलरचा म्हणून गाजलेला करार देऊन परत आणले. विजयांपेक्षा पराभव अधिक झाले आणि जुन्या ई-मेलमधील अश्लाघ्य भाषा उघड झाल्यावर ऑक्टोबर २०२१ मध्ये त्यांना राजीनामा द्यावा लागला. जॉन मॅडन यांनी तर परतण्याचा विचारच केला नाही. वयाच्या ४२ व्या वर्षी प्रशिक्षकपद सोडले आणि पुढची तीस वर्षे ते प्रेक्षकांना खेळ समजावून सांगत राहिले.

आपल्या ओळखीच्या फुटबॉलमधले ठळक उदाहरण गॅरी नेव्हिल यांचे. इंग्लंडमधील सर्वांत चोख विश्लेषक म्हणून त्यांची ख्याती. त्या ख्यातीच्या बळावर डिसेंबर २०१५ मध्ये स्पेनच्या व्हॅलेन्सियाने त्यांना मुख्य प्रशिक्षक नेमले. ते इंग्लंडच्या राष्ट्रीय संघाचे साहाय्यक होते, परंतु एखाद्या संघाची संपूर्ण जबाबदारी त्यांनी कधी पेलली नव्हती. २८ सामन्यांत १० विजय, बार्सिलोनाविरुद्ध ०-७ असा दारुण पराभव आणि मार्च २०१६ च्या अखेरीस हकालपट्टी. पडद्यावर बाण काढून बचावफळीतली चूक दाखवणे आणि त्याच बचावफळीला दुसऱ्या दिवशी सकाळी सरावाला उभे करणे, या दोन कामांत केवढी दरी आहे हे त्यांच्याइतके कोणाला कळले असेल?

आपल्याकडे या दोन्ही तीरांवर सर्वाधिक वावरलेला माणूस म्हणजे मुंबईकर शास्त्री. ८० कसोटी आणि १५० एकदिवसीय सामने खेळून ते तरुण वयातच निवृत्त झाले आणि समालोचनात रमले. २००७ च्या विश्वचषकातील नामुष्कीनंतर बांगलादेश दौऱ्यासाठी ते व्यवस्थापक झाले, पुन्हा मायक्रोफोनकडे वळले. इंग्लंडमध्ये कसोटी मालिका गमावल्यावर ऑगस्ट २०१४ मध्ये संघाचे संचालक, २०१६ मध्ये मुदत संपली. त्या वर्षी प्रशिक्षकपदासाठी ५७ अर्ज आले होते. निवड अनिल कुंबळे यांची झाली आणि शास्त्री पुन्हा समालोचन कक्षात गेले. वर्षभरात कुंबळे आणि कर्णधार विराट कोहली यांचे बिनसले, कुंबळे पायउतार झाले आणि जुलै २०१७ मध्ये शास्त्री मुख्य प्रशिक्षक म्हणून परतले. नोव्हेंबर २०२१ पर्यंत ते त्या पदावर होते. त्यानंतर अर्थातच पुन्हा समालोचन.

या कारकिर्दीचा ताळेबंद मांडताना त्यांचे टीकाकार अन्याय करतात, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. ऑस्ट्रेलियात जाऊन दोन वेळा कसोटी मालिका जिंकणे ही सामान्य गोष्ट नव्हे. ॲडलेडला अवघ्या ३६ धावांत गारद झालेला संघ महिन्याभरात, १९ जानेवारी २०२१ रोजी, ब्रिस्बेनचा गड सर करतो यात प्रशिक्षकाचा वाटा नसतो असे कोण म्हणेल? विश्वचषक हाती लागला नाही, कसोटी अजिंक्यपदाचा अंतिम सामनाही हातचा गेला, हेही तितकेच खरे. परंतु शास्त्री यांच्या यशाचे मर्म ध्यानात घ्यायला हवे. गोलंदाजांची देखभाल भरत अरुण करीत होते, क्षेत्ररक्षणाची आर. श्रीधर, आणि फलंदाजीची २०१९ पर्यंत बीडचे संजय बांगर. शास्त्री यांचे काम होते ते घडलेल्या खेळाडूंना धीर देण्याचे, खेळाचा मोठा पट पाहण्याचे आणि आवाज चढवण्याचे. समालोचनात मुरलेल्या माणसाला हे जमते, कारण त्याने वर्षानुवर्षे जगभरातील संघ वरून, काचेआडून पाहिलेले असतात. राष्ट्रीय संघाला अशा माणसाचा उपयोग होऊ शकतो.

मात्र खेळाडू जेथे घडायचे असतात तेथे ही शिदोरी पुरत नाही. याचा पुरावा खान्देशच्या कुंपणालगतच आहे. जळगाव जिल्ह्याच्या पूर्वेला बुलढाणा लागला की विदर्भ सुरू होतो, आणि सातपुडा ओलांडला की मध्य प्रदेश. या दोन्ही शेजाऱ्यांना रणजी करंडक पहिल्यांदा मिळवून दिला तो चंद्रकांत पंडित यांनी. विदर्भाला २०१७-१८ आणि लगेच २०१८-१९ मध्ये, मध्य प्रदेशला २०२२ मध्ये. १९९९ च्या ज्या अंतिम सामन्यात मध्य प्रदेश बंगळूरला हरला, त्या संघाचे कर्णधार पंडितच होते. तेवीस वर्षांनी त्याच शहरात, त्यांच्या मूळ मुंबईला नमवून त्यांनी तो हिशेब पुरा केला. पंडित यांची ओळख दूरचित्रवाणीमुळे झालेली नाही. पहाटेचा सराव, कडक शिस्त आणि एकेका खेळाडूच्या मागे लागणे ही त्यांची पद्धत. ती सर्वांना रुचते असे नाही, पण करंडक बोलतात. आणि जळगाव, धुळे, नंदुरबार ज्या महाराष्ट्र संघाच्या कक्षेत येतात, त्या संघाने रणजी करंडक शेवटचा जिंकला तो १९४०-४१ मध्ये!

सागर पार्कवर किंवा धुळ्याच्या गरुड मैदानावर चेंडू टाकणाऱ्या पोराच्या वाट्याला पंडितही येत नाहीत आणि शास्त्रीही. त्याला शिकवतो तो शाळेचा क्रीडाशिक्षक, आणि उरलेले शिक्षण त्याला समालोचकांकडून मिळते. चेंडूची शिवण कशी धरावी, खेळपट्टी दुपारनंतर का बदलते, हे तो दूरचित्रवाणीसमोर बसूनच शिकतो. आयपीएलचे मराठी समालोचनही मोबाइलवर ऐकू येऊ लागले. भोजपुरीतले समालोचन तर भलतेच लोकप्रिय झाले. अहिराणीचा नंबर कधी लागतो ते पाहायचे! सांगायचे इतकेच की, दूरच्या जिल्ह्यांसाठी समालोचक हा नुसता करमणूक करणारा नसून अर्धा प्रशिक्षकच असतो. म्हणूनच तो खरे बोलतो की नाही, याला महत्त्व येते.

परतीच्या या वाटेवरचा खरा आक्षेप येथे आहे आणि त्याची चर्चा मात्र फारशी होत नाही. आज समालोचन करणाऱ्याला उद्या मंडळाकडून प्रशिक्षकपद हवे असेल, तर तो मंडळाच्या निर्णयांवर, निवड समितीवर, कर्णधारावर सडेतोड बोलेल काय? मग समालोचन कक्ष हे रेल्वे स्थानकावरील प्रतीक्षालय होऊन बसते. गाडी येईपर्यंत बसायचे, स्टेशन मास्तरशी वाकडे घ्यायचे नाही! आपल्या मंडळाने तर या व्यवस्थेला करारांचीच जोड दिली होती. गावसकर आणि शास्त्री ही समालोचनातली दोन मोठी नावे दीर्घकाळ थेट मंडळाच्या वेतनावर होती. संघनिवड, पंचनिर्णय फेरआढावा पद्धत आणि मंडळाचा कारभार या विषयांवर बोलायचे नाही, अशी अट समजताच इयान चॅपेल यांनी २०१३ च्या भारत-ऑस्ट्रेलिया मालिकेचे समालोचन नाकारले. २०१६ मध्ये आयपीएलच्या तोंडावर हर्षा भोगले यांना वगळण्यात आले, मार्च २०२० मध्ये संजय मांजरेकर यांना. कारणे अधिकृतपणे कधी नीट सांगितली गेली नाहीत. ज्यांना समजायचे ते मात्र समजले.

याबाबतीत सुनील गावसकर यांचे एक उदाहरण लक्षात ठेवण्याजोगे आहे. २००४ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या मालिकेसाठी ते भारतीय संघाचे फलंदाजी सल्लागार झाले होते. त्या वेळी दोन्ही भूमिकांची सरमिसळ झालीच. पण २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने त्यांच्यापुढे पेच टाकला : क्रिकेट समितीचे अध्यक्षपद किंवा प्रसारमाध्यमांतील काम, दोहोंपैकी एक. गावसकर यांनी अध्यक्षपद सोडले. मंडळाशी त्यांचा करार होता हे वर आलेच आहे, तेव्हा त्यांना अगदी सोवळे ठरवण्याचे कारण नाही. पण निवड करावी लागते हे तरी त्यातून मान्य झाले.

मग माध्यमांतून मैदानाकडे जाणारी वाट बंदच करावी काय? तसे केल्यास संदीप पाटील यांच्यासारखी माणसे मुकली असती. मराठी क्रीडापत्रकारितेत ‘एकच षटकार’चे संपादक म्हणून त्यांनी नाव मिळवले, १९९६ मध्ये अल्पकाळ भारतीय संघाचे प्रशिक्षक झाले आणि तेथून दूर झाल्यावर केनियाला गेले. तेथे ना पैसा होता ना प्रसिद्धी. २००३ च्या विश्वचषकात त्याच केनियाने नैरोबीत श्रीलंकेला हरवले आणि उपान्त्य फेरी गाठली. न्यूझीलंडने नैरोबीला येण्याचे नाकारल्याने केनियाला आयते गुण मिळाले हे मान्य, पण श्रीलंकेवरचा विजय कोणी बहाल केलेला नव्हता. डर्बनला भारताने त्यांना ९१ धावांनी रोखले तेव्हा समोरच्या तंबूत मराठी माणूस होता, याची येथे अनेकांना गंमत वाटली होती. पद पाहून नव्हे तर काम पाहून जाणाऱ्याला कोण अडवणार?

दोन्ही तीरांमधले अंतर आता इतके कमी झाले आहे की कधी कधी ते मधल्या मधे नाहीसे होते. मे २०२३ मध्ये आयपीएलचे मराठी समालोचन करणारे केदार जाधव हंगामाच्या मध्यावरच बंगळूर संघात खेळाडू म्हणून दाखल झाले. त्या संघाचे मुख्य प्रशिक्षक होते बांगर, जे स्वतः पुढे हिंदी समालोचनात ठळकपणे दिसू लागले. यात गैर काही नाही. पण कालपर्यंत ज्यांच्याविषयी आपण मत देत होतो, आज त्यांच्याच तंबूत बसलो, हे ऐकणाऱ्याच्या ध्यानात येतेच.

सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केलेल्या मंडळाच्या घटनेत एकाच वेळी समालोचक आणि संघाचा अधिकारी अशी दोन पदे एकाच व्यक्तीला धारण करण्यास मनाई करण्यात आली. लोढा समितीच्या शिफारशींतून आलेली ही तरतूद योग्यच होती. परंतु ‘एकाच वेळी’ या दोन शब्दांतच तिची मर्यादा आहे. काल समालोचक आणि आज प्रशिक्षक, याला तिची हरकत नाही. मंडळाच्या पदाधिकाऱ्यांना त्याच घटनेने ठरावीक कार्यकाळानंतर सक्तीचा विश्रांतीकाळ लावला, तसा किमान एक वर्षाचा काळ राष्ट्रीय संघाच्या प्रशिक्षकपदासाठी इच्छुक असलेल्या समालोचकालाही लावता येईल. त्या वर्षात त्याने एखाद्या राज्य संघाबरोबर, नाहीतर एकोणीस वर्षांखालील मुलांबरोबर काम करावे. चार महिने पुण्याच्या शिबिरात काढले तरी मुंबई-पुण्याबाहेरची, जळगाव-धुळ्याकडून आलेली मुले कशी खेळतात हे त्याला दिसेल, आणि त्याचा हात अजून चालतो की नाही हे मंडळालाही कळेल.

जुलै २०२४ मध्ये नेमणूक झाली तेव्हा गंभीर यांचा करार २०२७ च्या अखेरपर्यंतचा होता. ते स्वतःही समालोचन कक्षातून, खासदारकीतून आणि आयपीएल संघांच्या मार्गदर्शकपदावरून या खुर्चीपर्यंत आले. ही खुर्ची पुन्हा रिकामी होईल तेव्हा अर्जदारांच्या यादीत मायक्रोफोनवरची दोन-चार परिचित नावे असणारच. मुलाखत घेणाऱ्यांनी त्यांना डावपेच जरूर विचारावेत. पण त्याआधी गेल्या वर्षभरातील त्यांच्या समालोचनाच्या ध्वनिफिती मागवून, मंडळाच्या कोणत्या निर्णयावर त्यांनी कधी नापसंती दाखवली होती, हेही विचारावे.