जडी सोपी म्हणून सागच का?

पंजाब-हरियाणात शेतकरी पॉप्लर वाढवतात ते वीतभर लांबीच्या फांद्यांच्या तुकड्यांपासून. चंद्रपूर-गडचिरोलीत ते झाड रमत नाही. इथल्या रोपवाटिकांत मान आहे तो सागाच्या जडीला. वाफ्यातले वर्षभराचे, अंगठ्याएवढे जाड रोप उपटायचे, बाजूची मुळे छाटायची, खोड जेमतेम बोटाच्या पेराएवढे आणि सोटमूळ वीतभर ठेवायचे. झाली जडी! मुळात साठलेल्या पिष्टमय पदार्थांच्या बळावर ती ओल्या गोणपाटात काही दिवस सहज तग धरते. पावसाळ्याच्या तोंडाशी पहारीने भोक पाडून रोवली, की फुटते. युक्ती खरोखर नामी आहे.

पण सोय पाहून जंगल ठरवावे काय? १९७४ साली स्थापन झालेल्या वनविकास महामंडळाने या भागात मिश्र जंगल तोडून सागाची रोपवने उभी केली. सागाला भाव चांगला, हे खरेच. मोहाचे मात्र तसे नाही. त्याचे बी काही आठवड्यांतच उगवणशक्ती गमावते आणि सोटमूळ भराभर खोल जाते, म्हणून रोप हलवणे अवघड. अशी झाडे रोपवाटिकेत मागे पडतात. मोहफुले, तेंदूपाने, चारोळी यांवर इथल्या कितीतरी घरांचा उन्हाळा निघतो. नुसत्या सागातून यांतले काय मिळणार?

विद्यार्थी मित्रांनो, शाळेच्या वाफ्यात जडी अवश्य तयार करा. पण पावसाच्या सुरुवातीला मोहाचे ताजे बी वेचून लगेच उंच पिशव्यांत पेरा, आणि शंभरांतली किती उगवली ते वहीत मांडा.