भात सोडू नका, वरण घट्ट करा

पोलीस भरतीची जाहिरात निघाली, की गडचिरोली-चंद्रपूरच्या वसतिगृहांत दोन गोष्टींना जोर चढतो: पहाटे ग्राउंड आणि रात्री डब्याची चर्चा. हा डबा जेवणाचा नव्हे, प्रोटीन पावडरचा. 1600 मीटर धावायचे, 7.260 किलोचा गोळा फेकायचा, छाती न फुगवता 79 सेंटिमीटर भरायला हवी, फुगवल्यावर आणखी 5. पंचावन्न किलोच्या पोट्ट्याची या आकड्यांनी झोप उडते. मग एखादा जाणता सल्ला देतो, ‘मेसच्या वरण-भातावर अंग भरत नसते. भात सोड, पावडर घे.’

सल्ल्याचा पहिला भाग निम्मा खरा आहे, म्हणून दुसरा खपून जातो. हिशेबच करू. धावणारा मुलगा दिवसाला तीनशे ग्रॅम तांदळाचा भात सहज खातो. त्यातून वीस-बावीस ग्रॅम प्रथिने मिळतात. दोन वेळच्या पातळ वरणात मिळून साठ ग्रॅम डाळ धरली, तर आणखी तेरा. नाश्त्याचे पोहे आणि आलूची भाजी धरून बेरीज कशीबशी पंचेचाळिसापर्यंत जाते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या मापाने, म्हणजे किलोमागे 0.83 ग्रॅमने, पंचावन्न किलोच्या माणसाला बसल्या कामासाठी एवढे पुरते. स्नायू वाढवायचे तर पुरत नाही. 2018 साली 49 चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र करून झालेल्या अभ्यासात किलोमागे सुमारे 1.6 ग्रॅमपर्यंत फायदा दिसला, त्यापुढे नाही. म्हणजे अठ्ठ्याऐंशी ग्रॅम. सुमारे त्रेचाळीस ग्रॅमची खोट आहे, हे मान्य.

पण ती भात सोडून कशी भरणार? शरीराला इंधन कमी पडले, की ते प्रथिनेच जाळू लागते. सकाळी ग्राउंड मारून दुपारी भात टाळणारा मुलगा महागडी पावडर चुलीत घालत असतो. शिवाय ज्या नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावी दादाजी खोब्रागडे यांनी एचएमटी तांदूळ निवडून काढला, त्या मुलखात भाताला शिव्या घालणे जरा अतीच. पावडरच्या एका मापात साधारण चोवीस ग्रॅम प्रथिने असतात. चार अंड्यांतही तेवढीच, आणि निम्म्याहून कमी पैशांत. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या मार्गदर्शक सूचनांनीही अशा पुरवण्या टाळायलाच सांगितले आहे.

दुसरा पक्ष याच्या उलट टोकाचा, आणि मला तो जास्त धोक्याचा वाटतो, कारण तो प्रेमाने बोलतो. ‘आपल्या आजोबांनी कुठे डबे खाल्ले? मोह आणि भात खाऊन डोंगर चढत होते.’ मोहफूल ही मुख्यतः साखर. तिने दम मिळेल, स्नायू बांधले जाणार नाहीत. लाखोळीच्या डाळीत प्रथिने भरपूर, पण सलग काही महिने तीच मुख्य अन्न झाली तर पाय कायमचे लुळे पडू शकतात. आणि आजोबा नुसता भात खात नव्हते. मालगुजारी तलावातली मासळी होती, वाळवलेले झिंगे होते, भामरागडकडे लाल मुंग्यांची चटणी होती, परसात कोंबडी होती, बांधावर बरबटी आणि पोपटाच्या शेंगा होत्या. गावातून वसतिगृहात आलेल्या पोराच्या ताटात भात राहिला, बाकीचे मागे राहिले. खरी खोट इथे आहे. ती ना डब्याने दिसते, ना आजोबांच्या आठवणींनी.

मग काय खावे? रोज तीन अंडी, अठरा ग्रॅम. पन्नास ग्रॅम सोयाबडी, सव्वीस ग्रॅम. गरम पाण्यात भिजवून दोनदा पिळली की वास जातो. एवढ्यानेच खोट भरते आणि खर्च तीस रुपयांच्या आसपास राहतो. अंडे न खाणाऱ्याने मूठभर फल्लीदाणे, रात्री भिजवलेले चणे आणि दूध-दही यांवर भागवावे. आठवडी बाजारातले झिंगे परवडतात आणि टिकतात. खोलीतल्या सोबत्यांनी वासाची तक्रार केली तर त्यांनाही वाढावेत. प्रथिनांनी किडनी जाते, हे भय निरोगी माणसाला या प्रमाणात बाळगायचे कारण नाही. किडनीचा आजार असेल त्याने डॉक्टरांना विचारावे. इथे मात्र एक तपासणी खरोखर आधी हवी: सिकलसेलची. वाहक असलेल्यानेही चंद्रपूरच्या उन्हात तहानेल्या अंगाने जोर काढू नयेत.

पण हे सगळे पोराच्या खिशावर ढकलून मोकळे होणे मला पटत नाही. डॉ. ए.पी.जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेतून शासन आदिवासी भागांतल्या लहान बाळांना, सहा वर्षांपर्यंतच्या मुलांना अंडी देते. पुढे अंगाला अंडे लागत नाही, असे कोणते शास्त्र सांगते? 2018 साली आदिवासी वसतिगृहांतल्या भोजनाचे पैसे थेट विद्यार्थ्यांच्या खात्यात टाकायचे ठरले, तेव्हा निषेध म्हणून विद्यार्थी पुण्याहून नाशिककडे पायी निघाले होते. पैसे उशिरा आले, की पहिली कात्री अंड्यावर बसते, हे खाणावळीत उधारी असलेला कोणीही सांगेल.

जिथे मेस चालू आहे तिथे भोजन समितीने महिन्याच्या फीस्टला कोणते गोड, यावर वाद घालण्याआधी एक वजनकाटा मागावा. तक्त्यावर नुसते ‘वरण’ लिहून भागणार नाही. माणशी किती ग्रॅम कोरडी डाळ शिजली, ते रोज लिहिले गेले पाहिजे. ठेकेदार म्हणेल, दर परवडत नाही. दर वेळेला वीस ग्रॅम डाळ वाढवली, तर आजच्या भावाने माणशी दिवसाला पाच-सहा रुपये पडतात. ते कोणी द्यायचे, यावर आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात जरूर भांडावे.