सिनेमा पोरी पळवत नाही

"या सिनेमांनीच पोरी बिघडल्या." यवतमाळ जिल्ह्यात बचत गटाच्या बैठकीत, शाळेच्या पालकसभेत, लग्नाच्या मांडवात कुठेही बसा, हे वाक्य कानावर येतंच. नागराज मंजुळे यांचा 'सैराट' 29 एप्रिल 2016 रोजी लागला आणि या तक्रारीला नावही मिळालं. पोरगी 'सैराट' झाली, म्हणजे पळाली. मला या वाक्याची चीड येते, कारण त्याची किंमत नेहमी मुलगीच मोजते.

आधी सिनेमाचं पाहू. हे बोलणाऱ्यांनी मध्यंतरानंतरचा भाग पाहिला आहे का? बुलेट आणि ट्रॅक्टर चालवणारी पाटलाची अर्ची घर सोडते ती हैदराबादच्या झोपडपट्टीत येऊन पडते. रडते, पर्श्याचा संशय सोसते, त्याची थप्पड खाते, आणि मग कारखान्यात काम धरून स्वतःच्या पायावर उभी राहते. शेवटी भाऊ येतो तो आईने पाठवलेल्या भेटवस्तू घेऊन. ती त्याला चहा करून देते, आणि तेच लोक तिचा जीव घेतात. हा सिनेमा पळायला शिकवतो, की माहेरचं प्रेम किती अटींवर असतं ते दाखवतो? जर्मनीत, फेब्रुवारी 2016 च्या बर्लिन महोत्सवात, तो चौदा वर्षांवरच्या मुलामुलींसाठी असलेल्या विभागात दाखवला गेला. आपल्याकडे त्याच वयाच्या मुलीची त्याच सिनेमाच्या नावाने शाळा सुटते. मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास फुकट आहे. पण ती कुणाशी बोलताना दिसली की पास फळीवर आणि पोरगी वावरात कापूस वेचायला. "पोट्टी हातातून गेली तं काय करता बाई?" असं आई मलाच विचारते.

आता वयाचं पाहू. सतराव्या वर्षी बापाने लग्न लावलं तर 'जबाबदारीतून मोकळा झाला'. सतराव्या वर्षी तिने स्वतः कुणाला पसंत केलं तर 'ती अल्पवयीन आहे, तिला काय कळतं!' वय तेच, मुलगी तीच. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात 20 ते 24 वयाच्या दर शंभर स्त्रियांपैकी जवळजवळ 22 जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. ही लग्नं सिनेमाने लावली नाहीत. ती मांडव घालून, पत्रिका छापून, गावाला जेवण देऊन लागली. 2012 चा पोक्सो कायदा लहान मुलांना अत्याचारापासून वाचवायला आला, आणि त्याची गरज आहेच. पण मुलीला परजातीचा मुलगा आवडला की घरच्यांना तोच कायदा आठवतो. बालविवाहाच्या मांडवात मात्र 2006 चा कायदा कुणाला आठवत नाही.

आणि जिथे सिनेमाचा संबंधच नाही तिथलं काय? झरी जामणी, मारेगाव, केळापूर तालुक्यांतल्या कुमारी मातांच्या बातम्या वर्षानुवर्षे छापून येत आहेत. त्यांत कोलाम मुली अनेक. कोलामांच्या पोडावर कुठली आली टॉकीज? तिथे येतो तो बाहेरचा माणूस, कधी कंत्राटदार, कधी त्याचा मुकादम. त्याच्या हाती मजुरी असते आणि ओठावर लग्नाचं वचन. मूल पोटात राहिलं की तो निघून जातो. त्या मुलीला आपण 'कुमारी माता' हे नाव दिलं. सरकारी कागदांतही तेच चालतं. त्या पुरुषासाठी मात्र आपल्या भाषेत एक शब्द नाही. पळाला तो, आणि नाव पडलं तिला!

म्हणून मैत्रिणींनो, सिनेमावर बंदीची मागणी कुणी आणली तर तिच्यावर सही करू नका. मागायचंच असेल तर हे मागू या. मुलीला शाळेतून काढणाऱ्या घरी शिक्षकांनी आणि ग्रामपंचायतीने जाऊन जाब विचारावा. तालुक्याच्या ठिकाणी वसतिगृहात तिला जागा मिळावी. मार्च 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपल्या पसंतीने लग्न करणाऱ्यांच्या संरक्षणासाठी जिल्ह्याजिल्ह्यात विशेष कक्ष आणि सुरक्षित निवाऱ्याचा विषय राज्य सरकारांपुढे ठेवला. आपल्या जिल्ह्यात त्याचं काय झालं, हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी विचारू या. आणि पोडावरच्या मुलीच्या लेकराला बापाकडून पोटगी मिळायला आईबापांचं लग्न झालेलं असावं लागत नाही. जुन्या कायद्यात हे कलम 125 होतं, जुलै 2024 पासून नव्या संहितेत ते 144 आहे. हे कलम तिच्यापर्यंत पोचवणं, अर्ज लिहून देणं, तारखेला तिच्यासोबत कोर्टात जाणं, एवढं तर आपल्याला करता येईल.

मुलीने प्रेम करावं की नाही हे मी ठरवणार नाही. पण तिने 'हो' म्हटलं किंवा 'नाही' म्हटलं, तर त्यानंतर तिला जगता आलं पाहिजे. त्यासाठी तिच्याजवळ शिक्षण हवं, हातात मजुरी हवी आणि वेळ आलीच तर उघडणारं एक दार हवं.