धूसर चित्रातली धास्ती

‘सायलेंट हिल २’ हा जपानी व्हिडिओ गेम २००१ साली बाजारात आला. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये तोच गेम नव्याने घडवून पुन्हा विक्रीला आला. त्याआधी १९९८ च्या ‘रेसिडेंट ईव्हिल २’चा २०१९ मध्ये आणि २००८ च्या ‘डेड स्पेस’चा २०२३ मध्ये असाच कायापालट झाला होता. कथा बहुतांशी तीच, जागा त्याच, राक्षसही तेच. खेळण्याची पद्धत थोडीफार बदलली. पण डोळ्यांत भरणारा बदल होता तो चित्रांचा. या खटाटोपामागे एक समजूत दडलेली असते : चित्र जुने झाले की त्यातली भीतीही जुनी होते. हीच समजूत घरोघरीही आढळते. मूल मोबाइलवर ठोकळ्यांच्या माणसांचा एखादा भीतीचा गेम खेळत असेल, तर ‘यात काय घाबरायचंय’ असे म्हणून मोठी माणसे पुढे जातात. भीती निर्माण होण्याची मेंदूतली प्रक्रिया पाहिली, तर ही समजूत निम्मीच खरी ठरते.

मराठीत भीतीसाठी अनेक शब्द आहेत आणि ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत. दचकणे वेगळे, धास्ती वेगळी आणि किळस वेगळी. भीतीदायक गेम या तिन्हींचा वापर करतात. चित्राच्या जुनेपणाचा परिणाम मात्र या तिन्हींवर सारखा होत नाही.

आधी दचकणे. मोठा आवाज अचानक कानावर पडला, की सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आत पापण्या मिटू लागतात, मान आखडते, खांदे वर जातात. ही प्रतिक्षिप्त क्रिया मेंदूच्या तळाशी असलेल्या मेंदूस्तंभातून चालते. तिथे ‘हे चित्र खरे वाटते का’ असा विचार व्हायला वेळच नसतो. १९९६ च्या पहिल्या ‘रेसिडेंट ईव्हिल’मध्ये एका शांत बोळातून जाताना खिडकीची काच फोडून कुत्रे आत उडी घेतात. आजच्या नजरेला ते कुत्रे कोनाकोनांचे, ओबडधोबड दिसतात. तरी पहिल्यांदा खेळणारा दचकतो, कारण त्याला दचकवतो तो काचेचा आवाज आणि त्याआधीची शांतता. ख्रिस्तियन ग्रियों आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात असे दिसले, की तोच आवाज उजेडापेक्षा अंधारात ऐकू आला तर माणसे अधिक जोराने दचकतात. म्हणजे काहीच दिसत नसताना ही प्रतिक्रिया उलट वाढते.

दुसरी धास्ती. गेममधली खरी भीती हीच. धोका समोर नसतो, पण तो कधीही येईल असे वाटत राहते. प्रयोगशाळेत हे सौम्य विजेच्या झटक्यांनी तपासले जाते. झटका विशिष्ट खुणेनंतरच बसणार हे ठाऊक असले, की खूण नसताना माणूस सैलावतो. झटका केव्हाही बसू शकतो असे सांगितले, की तो सतत ताणलेला राहतो. धास्तीचे खाद्य अनिश्चितता आहे. चित्राची स्पष्टता तिला फारशी लागत नाही.

१९९९ चा पहिला ‘सायलेंट हिल’ याचे उत्तम उदाहरण. तो ज्या प्लेस्टेशन यंत्रावर चालायचा, त्याची मुख्य स्मृती अवघी २ मेगाबाइट होती. अख्खे गाव दूरवर दाखवणे त्या यंत्राला झेपणारे नव्हते. म्हणून निर्मात्यांनी गावावर दाट धुके पसरवले आणि रात्रीच्या प्रसंगांत खेळाडूच्या हाती एक लहानसा टॉर्च दिला. यंत्राची अडचण झाकली गेली आणि खेळाडूला चार पावलांपलीकडचे दिसेनासे झाले. त्यात भर म्हणून नायकाच्या खिशात एक रेडिओ. राक्षस जवळ आला की रेडिओ खरखरू लागतो. काहीतरी आहे हे कळते. काय आहे, कुठून येणार आहे, हे कळत नाही. प्रयोगशाळेतली अनिश्चितता इथे खेळाच्या रूपात येते.

या धुक्याचे महत्त्व पुढे उलट्या बाजूने सिद्ध झाले. २०१२ मध्ये या मालिकेतल्या दोन गेमची सुस्पष्ट चित्रांची आवृत्ती निघाली. तिच्यात ‘सायलेंट हिल २’मधले धुके विरळ झाले आणि त्याने आजवर झाकलेल्या अर्धवट कडा उघड्या पडल्या. चित्र स्वच्छ झाले, पण वातावरण गेले, अशी टीका चाहत्यांनी केली. २०२४ च्या आवृत्तीत धुके पुन्हा दाट आहे. यंत्राची ताकद कित्येक पटींनी वाढलेली असताना ते राखले गेले, कारण आता ते अडचण झाकण्यासाठी नव्हे, तर धास्तीसाठी हवे होते.

अपुरे चित्र मेंदू स्वतः पुरे करतो, हे मानसशास्त्राला जुने ठाऊक आहे. १९४४ मध्ये फ्रिट्झ हायडर आणि मारियान सिमेल यांनी एक छोटी चित्रफीत लोकांना दाखवली. तिच्यात दोन त्रिकोण, एक वर्तुळ आणि उघडझाप होणारा एक चौकोन एवढेच होते. तरीही जवळजवळ सर्व प्रेक्षकांनी तिचे वर्णन माणसांची गोष्ट असल्यासारखे केले : मोठा त्रिकोण दांडगाई करतो, वर्तुळ घाबरते, छोटा त्रिकोण त्याला सोडवतो. हालचालीला हेतू चिकटवायला मेंदूला चेहरा लागत नाही. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या कथा वाचून रात्री दिवा चालू ठेवणाऱ्या वाचकांच्या हातात तर चित्रही नव्हते, नुसती अक्षरे होती.

तिसरी किळस. इथे मात्र चित्राचे वय निर्णायक ठरते. जखम, सडलेले मांस, चिकट द्रव यांची शिसारी तपशिलावर अवलंबून असते. ठोकळ्यांच्या हातातून सांडणारे लाल चौकोन पोटात ढवळून आणत नाहीत. म्हणूनच जुन्या गेममधला जो राक्षस भर उजेडात, अगदी जवळून दाखवला गेला, तो आज हसू आणतो. सावलीत राहिलेला टिकतो. संवादांचेही तसेच. ‘रेसिडेंट ईव्हिल’मधले मूळ इंग्रजी संवाद इतके कृत्रिम आहेत की ते आता विनोद म्हणूनच आठवले जातात. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते : गेमचे जे जुने झाले, ते दाखवलेले, जे दाखवलेच नाही, ते तितके जुने झाले नाही.

नवे चित्र नेहमीच अधिक भीतीदायक असते असेही नाही. जपानी यंत्रमानवतज्ज्ञ मासाहिरो मोरी यांनी १९७० मध्ये मांडले, की बाहुली किंवा यंत्र माणसासारखे दिसू लागते तशी त्याच्याविषयीची जवळीक वाढते. पण ते जवळजवळ माणूस वाटू लागले, तरी पुरते माणूस नसले, की जवळीक एकदम ओसरून अस्वस्थता येते. जुन्या प्लेस्टेशनवरचे थरथरणारे चेहरे, डोळ्यांच्या जागी रंगवलेले ठिपके अनेकांना आज याच कारणाने भेसूर वाटतात. कमी भांडवलात काम करणारे निर्माते आता मुद्दाम असे चित्र काढतात. २०२२ च्या ‘फेथ : द अनहोली ट्रिनिटी’ची चित्रे १९८० च्या दशकातल्या संगणकावरची वाटावीत अशी मोजक्या ठिपक्यांची आहेत. २०१४ च्या ‘फाइव्ह नाइट्स अ‍ॅट फ्रेडीज’मध्ये खेळाडू एका खोलीत बसून सुरक्षा कॅमेऱ्यांची अस्पष्ट, जवळजवळ स्थिर चित्रे बघत राहतो. त्या गेमने मुलांना किती घाबरवले, हे त्या पिढीच्या पालकांना वेगळे सांगायला नको.

मग जुने गेम पुन्हा खेळताना भीती कमी वाटते, हा अनेकांचा अनुभव खोटा का? तो खरा आहे, पण दोष चित्राच्या माथी मारला जातो. खेळाडू मोठा झालेला असतो, कुत्रे कुठल्या खिडकीतून येणार हे त्याला ठाऊक असते, आणि एकच धोका वारंवार भेटला की मेंदू त्याला सरावतो. अनिश्चितता संपली की धास्ती संपते. तो गेम कधीच न खेळलेल्या माणसाला दिवे मालवून, कानाला हेडफोन लावून खेळायला दिला, तर निकाल वेगळा लागू शकतो.

मोठ्यांसाठी हा आवडीचा विषय आहे. मुलांसाठी तो झोपेचा आहे. अमेरिकी संशोधक जोअ‍ॅन कँटर यांच्या अभ्यासांतून एक फरक पुढे आला. शाळेत जाण्याआधीच्या वयाची मुले मुख्यतः दिसण्याला घाबरतात : विद्रूप चेहरा, अंगाचा बदललेला आकार. चित्र खोटे आहे हे सांगून त्यांची समजूत पटत नाही. मोठी मुले दिसण्यापेक्षा अर्थाला घाबरतात : कोणीतरी पाठलाग करते आहे, घरात कोणी शिरले आहे, आई-वडील हरवले आहेत. ठोकळ्यांचे चित्र हा अर्थ पुसत नाही. क्रिस्टन हॅरिसन आणि कँटर यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना लहानपणी पडद्यावर पाहिलेल्या भीतीविषयी विचारले, तेव्हा सुमारे चौथाई जणांनी तिचा काही अंश अजून शिल्लक असल्याचे सांगितले.

म्हणून मुलाच्या हातातला गेम पारखताना चित्र किती खरे दिसते, हा पहिला प्रश्न नसावा. पाठलाग आहे का, लपून बसावे लागते का, अचानक किंकाळ्या आहेत का, खेळणारा असहाय ठेवला आहे का, हे आधी पाहावे. प्ले स्टोअरवर प्रत्येक गेमखाली वयाची शिफारस असते, तीही वाचावी. पण त्याहून उपयोगी म्हणजे पाच मिनिटे आवाज चालू ठेवून मुलाशेजारी बसून तो गेम बघणे. मुले अनेकदा आवाज हेडफोनमध्ये ऐकतात, त्यामुळे भीतीचा अर्धा भाग घरातल्यांना कळतच नाही. झोपायच्या आधीच्या तासात असे गेम टाळावेत. मूल एकाएकी एकटे झोपायला, अंधारात पाणी प्यायला जायला कचरू लागले, तर ‘एवढ्याशा चित्राला घाबरलास?’ असे हिणवू नये. हिणवलेले मूल पुढच्या वेळी सांगत नाही. घाबरत मात्र राहते.

भीती सरसकट वाईट नाही. डेन्मार्कमधल्या आऱ्हुस विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासासाठी भुताटकीच्या घरात जाणाऱ्या लोकांच्या हृदयाचे ठोके मोजले. सर्वाधिक मजा आली ती ना फार घाबरलेल्यांना, ना अजिबात न घाबरलेल्यांना, तर मध्यम घाबरलेल्यांना. हे मध्यम माप प्रत्येकाचे निराळे असते आणि ते वयागणिक बदलते. ते पडद्याच्या स्पष्टतेवरून ठरवता येत नाही. खेळणाऱ्याकडे पाहूनच ठरवावे लागते.