रुग्णाचें दप्तर कोणाचें?

आपल्या मंडळींपैकीं बहुतेकांच्या घरीं कपाटाच्या खालच्या खणांत कोंबलेली किंवा खुंटीस टांगलेली एक पिशवी असते. तींत आजोबांच्या छातीचीं क्ष-किरण चित्रें, आजीच्या रक्ताच्या तपासणीचे कागद, चार निरनिराळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या आणि औषधांच्या दुकानाच्या पावत्या एकत्र नांदत असतात. दवाखान्यांत जावयाची वेळ आली म्हणजे ती पिशवी डॉक्टरांपुढें ठेवावयाची आणि हवा तो कागद त्यांनींच शोधून काढावा, हा आपला शिरस्ता. तींत काय आहे हें ज्याचा देह त्यालाच ठाऊक नसतें. आतां हे कागद हळूहळू मोबाईलमध्यें शिरूं लागले आहेत. या स्थित्यंतरानें रुग्णाचा लाभ कोणत्या रीतीनें होईल, आणि त्यांत आमच्या विद्यार्थ्यांवर कोणती जबाबदारी येऊन पडते, यासंबंधीं आमचें मत येथें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम हक्काची गोष्ट. रुग्णाचे कागद ही इस्पितळाची खासगी मालमत्ता होय, अशी समजूत आपल्याकडे पुष्कळ काळ होती. सन १९९६ मध्यें मुंबईच्या उच्च न्यायालयानें, रुग्णानें अथवा त्याच्या नातलगांनीं मागितल्यास उपचारांच्या कागदांच्या नकला देण्यास इस्पितळानें गुप्ततेची सबब सांगूं नये, असा निवाडा दिला. पुढें २००२ सालीं भारतीय वैद्यक परिषदेनें डॉक्टरांच्या आचरणाचे नियम केले. त्यांत इस्पितळांत राहिलेल्या रुग्णाची नोंद ३ वर्षें जपावी आणि मागणी आल्यास ती ७२ तासांच्या आंत द्यावी, असें स्पष्ट घातलें. २७ सप्टेंबर २०२१ रोजीं ‘आयुष्मान भारत डिजिटल मिशन’ देशभर सुरू झालें. त्या योजनेप्रमाणें ज्यास इच्छा असेल त्यास १४ आंकडी ‘आभा’ क्रमांक मिळतो, आणि निरनिराळ्या इस्पितळांतील व प्रयोगशाळांतील नोंदी त्या क्रमांकाशीं जोडून, रुग्णाच्या संमतीनें एका डॉक्टराकडून दुसऱ्याकडे पाठवितां येतात.

परंतु हक्क मिळाला म्हणजे काम संपलें असें नाहीं. नोंद हातीं आली तरी ती वाचणारा पाहिजे. याचें एक बोलकें उदाहरण अमेरिकेंत घडलें. डेव्ह डीब्रॉन्कार्ट नांवाच्या गृहस्थांच्या खांद्याचें क्ष-किरण चित्र २००७ च्या जानेवारींत काढलें असतां फुप्फुसांत एक डाग दिसला. तो मूत्रपिंडाच्या कर्करोगाचा निघाला, आणि रोग शरीरांत पुष्कळ पसरलेला आढळला. त्यांनीं चांगल्या डॉक्टरांचे उपचार तर घेतलेच. पण त्याबरोबर इंटरनेटवर त्याच रोगाच्या इतर रुग्णांना गांठून उपचारांची माहितीही मिळविली, आणि ते त्या दुखण्यांतून वांचले. दोन वर्षांनीं, २००९ सालीं, त्यांनीं आपली नोंद गूगल कंपनीच्या त्या वेळच्या आरोग्यवहींत उतरवून घेतली. पाहतात तों कर्करोग मेंदूंत किंवा मणक्यांत पसरल्याचें तींत नमूद! असें कोणत्याही डॉक्टरानें त्यांस कधीं सांगितलें नव्हतें. ही माहिती डॉक्टरांच्या टिपणांतून आलेलीच नव्हती. ती बिलें करण्यासाठीं वापरलेल्या सांकेतिक आंकड्यांवरून तयार झालेली होती. यंत्रांत आहे म्हणून तें खरें, असें मानणाऱ्यांनीं ही हकीकत विसरूं नये. ती आरोग्यवहीही कंपनीनें २०१२ च्या आरंभीं बंद करून टाकली. म्हणून महत्त्वाच्या कागदाची एक प्रत स्वतःजवळ असावीच, हा दुसरा बोध.

असा चुकीचा मजकूर क्वचित् आढळत असेल, असें कोणी म्हणेल. अमेरिकेंत २०१० सालीं तीन ठिकाणच्या शंभरांहून अधिक डॉक्टरांनीं आपलीं टिपणें रुग्णांस वाचावयास खुलीं केलीं. या उपक्रमाचें नांव ‘ओपननोट्स’. रुग्ण घाबरतील, प्रश्नांचा भडिमार करतील, अशी भीति अनेकांना होती. वर्षभराच्या प्रयोगानंतर जवळजवळ सर्व रुग्णांनीं ही प्रथा चालूं ठेवावी असें सांगितलें, आणि एकाही डॉक्टरानें ती बंद केली नाहीं. २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत, आपलीं टिपणें वाचलेल्या २२,८८९ रुग्णांपैकीं सुमारें एक पंचमांश लोकांस त्यांत चूक आढळली, आणि अशांपैकीं दर पांचांतील दोघांनीं ती चूक गंभीर मानली. चुका सर्वांच्या हातून होतात. त्यांत डॉक्टरांस कमीपणा नाहीं. पण दहा वर्षांपूर्वीं आपणांस कोणत्या औषधानें पित्त उठलें होतें, हें रुग्णाइतकें दुसऱ्या कोणास ठाऊक असणार? तो न वाचतां गप्प बसला, तर ती चूक एका दवाखान्यांतून दुसऱ्यांत जाईल, आणि नव्या साधनांमुळें पूर्वींपेक्षां अधिक वेगानें जाईल.

याच्याही पुढें गेलेले रुग्ण आहेत. पहिल्या प्रकारच्या मधुमेहांत शरीरांत इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाहीं. तें बाहेरून द्यावें लागतें, आणि मात्रा थोडी अधिक झाली तर झोपेंतच साखर उतरून प्राणावर बेतूं शकतें. त्वचेखालीं बसणारा संवेदक दर पांच मिनिटांनीं साखरेचा आंकडा सांगूं लागला; पण तो आंकडा एका लहानशा यंत्रावरच दिसे. जॉन कॉस्टिक या अमेरिकन अभियंत्याचा चिमुकला मुलगा या रोगानें आजारी होता. आपण कामावर असतांना मुलाची साखर आपणांस दिसावी म्हणून त्यानें २०१३ सालीं तो आंकडा इंटरनेटवर नेण्याची युक्ति शोधली. डेना लुईस या तरुण बाईंस स्वतःलाच हा रोग. यंत्राची घंटा इतकी हळू कीं, त्यांस जाग येत नसे. कॉस्टिकची युक्ति घेऊन त्यांनीं व स्कॉट लीब्रँड यांनीं प्रथम मोठ्यानें वाजणारी घंटा केली, मग पुढील साखरेचा अंदाज बांधणारें गणित बसविलें, आणि २०१५ सालीं इन्सुलिनची मात्रा आपोआप कमीजास्त करणारी पद्धति सर्वांसाठीं विनामूल्य जाहीर केली. घरगुती यंत्रें प्रत्येकानें जोडावीं असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. तें धोक्याचें आहे, आणि या मंडळींनींही तशी सावधगिरीची सूचना वारंवार दिली. आम्हांस दाखवावयाचें आहे तें एवढेंच कीं, स्वतःच्या आजाराचा आंकडा ज्याच्या डोळ्यांपुढें असतो तो नुसता सोसणारा राहत नाहीं, तो विचार करूं लागतो.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो खोटा नाहीं. अर्धवट ज्ञान वाईट. चार ओळी वाचून लोक औषधें सोडतात, भलत्याच कल्पनेनें झुरतात, किंवा डॉक्टरांशीं हुज्जत घालतात. आम्ही म्हणतों, हें अर्धें ज्ञान पुरें करण्याचा मार्ग कागद लपविणें हा नव्हे. कागद वाचावा, न समजलेल्या शब्दाखालीं रेघ ओढावी, आणि तो प्रश्न डॉक्टरांसच विचारावा. निदान करणें हें त्यांचें शास्त्र आहे; पण रात्रीं धाप किती वाजतां लागली, गोळी किती दिवस चुकली, घरीं शांत बसलें असतां रक्तदाब किती होता, हें सांगणें रुग्णाचें काम आहे. दवाखान्यांतील धास्तीनेंच पुष्कळांचा रक्तदाब चढतो, हें डॉक्टरांसही ठाऊक आहे; म्हणून घरीं ठेवलेली नोंद ते आदरानें पाहतात.

दुसरा धोका याहून मोठा आहे. कागद एका घरांतून चोरीस गेला तर एका घराचें गुपित फुटतें. संगणकांतून गेला तर लाखोंचें. २०२२ च्या नोव्हेंबरांत दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या संगणकांवर हल्ला झाला, आणि एवढ्या मोठ्या इस्पितळास अनेक दिवस हातानें लिहून काम चालवावें लागलें. २०२३ सालीं संसदेनें व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला, ही चांगली गोष्ट आहे. तथापि ज्याच्या हातीं मोबाईल नाहीं, ज्यास अक्षरओळख नाहीं, त्यास ‘क्रमांक आणा, मग पाहूं’ असें कोणत्याही दारांतून ऐकावें लागूं नये. साधन हें माणसासाठीं आहे. साधन नाहीं म्हणून माणूस मागें राहिला, तर ती सुधारणा नव्हे.

आतां आमच्या विद्यार्थ्यांशीं थोडें स्पष्ट बोलावयाचें आहे. घरांतील वडील मंडळींचे मोबाईल आज तुम्हीच चालवितां. आजीचा ‘आभा’ क्रमांक काढावयाचा तर सांकेतिक आंकडा वाचून दाखविणारे तुम्ही. प्रयोगशाळेचा अहवाल आला तर तो प्रथम उघडणारे तुम्ही. इंग्रजी शब्दांचा अर्थ लावणारेही तुम्हीच. चौदापंधरा वर्षांच्या मुलाच्या हातीं वडीलधाऱ्यांच्या देहाचीं गुपितें आलेलीं आहेत. अशा वेळीं आपल्या घरांत एक जुनी रीत आड येते. अहवालांत कांहीं वाईट निघालें कीं, माजघरांत कुजबुज होते, ‘आजीस कळूं देऊं नका’ असें ठरतें, आणि आजीखेरीज सर्वांस तें ठाऊक होतें. यांत प्रेम असतें, हें आम्ही जाणतों. परंतु जिला आपला रोग ठाऊक नाहीं, ती बरें वाटतांच गोळ्या बंद करते. कोणतें दुखणें सांगावें व कोणतें अंगावर काढावें हें तिला कळत नाहीं. आणि कोणास शेवटचें भेटावें, काय सांगून ठेवावें, याचा विचार करण्याची तिची संधि आपण हिरावून घेतों. कित्येक वृद्ध स्वतःच म्हणतात, ‘मला कांहीं सांगूं नका, तुम्हीच पाहा.’ त्यांची तीही इच्छा पाळावी. मात्र ती त्यांना विचारून पाळावी, गृहीत धरून नव्हे. ज्याचें आजारपण, त्याचें दप्तर; बाकीचे सर्व त्याचे कारकून.

आणि कारकुनानें तोंड संभाळावें लागतें. काकांच्या क्षयाची गोष्ट मित्रांच्या मंडळांत, ताईच्या दुखण्याचा कागद नातेवाइकांच्या सामाइक संदेशांत, असें सहज घडतें. क्षयाचा रोगी नियमित औषधांनीं बरा होतो. पण फुटलेल्या बातमीमुळें गेलेली नोकरी किंवा मोडलेलें लग्न कोणत्या औषधानें परत येणार?

पालकांनीं हें काम मुलांवर सोंपवून मोकळें होऊं नये; दोघांनीं मिळून तें करावें. यंदाच्या सुट्टींत एक दुपार काढून घरांतील प्रत्येक रुग्णासाठीं, त्याच्या परवानगीनें व त्याला शेजारीं बसवून, एक वही घालावी. तींत औषधांचीं दुकानी नांवें व त्यांखालीं बारीक अक्षरांत छापलेलें मूळ औषधाचें नांव, दोन्ही लिहावीं. कारण दोन डॉक्टरांनीं दोन नांवांनीं दिलेली गोळी मुळांत एकच असूं शकते, आणि रुग्ण ती दुप्पट घेत असतो. तसें दिसल्यास गोळी आपल्या मनानें बंद न करितां डॉक्टरांस दाखवावें. कोणतें औषध सोसत नाहीं, कोणत्या शस्त्रक्रिया कोणत्या सालीं झाल्या, हें पहिल्याच पानावर ठेवावें. अहवालांचीं स्पष्ट छायाचित्रें तारखेच्या क्रमानें लावावीं. मधुमेह असेल तर तीन महिन्यांच्या सरासरीचा आंकडा एकाखालीं एक लिहावा. एका सकाळच्या साखरेवरून जें कळत नाहीं तें त्या रकान्यावरून कळतें. ही वही कागदाची असो वा मोबाईलमधील असो, डॉक्टरांकडे जातांना ती रुग्णानें स्वतःच्या हातानें पुढें करावी, आणि पहिला प्रश्न त्यानेंच विचारावा. मुलानें शेजारीं बसून, विचारतील तेवढेंच बोलावें.

शाळेंत आम्ही मुलांना वाचावयास शिकवितों तें परीक्षेपुरतें नव्हे, असें दरवर्षीं बक्षीससमारंभांत सांगण्यांत येतें. त्या शिक्षणाची कसोटी पाहावयाची असेल तर ती येथें पाहावी. आपल्या आजीस तिचा अहवाल तिला समजेल अशा मराठींत, कांहीं न वगळतां व कांहीं न वाढवितां, जो विद्यार्थी वाचून दाखवूं शकेल, त्याचें भाषेचें व शास्त्राचें शिक्षण सार्थकीं लागलें असें आम्ही खुशाल म्हणूं.