तिजोरी पोलादी, किल्ली उंबऱ्याखाली!

हिरकणीची आख्यायिका महाराष्ट्रातील घरोघरी सांगितली जाते. सूर्यास्तानंतर मिटलेले रायगडाचे दरवाजे तान्ह्या बाळाच्या आईसाठीही उघडले नाहीत. ती कडा उतरून गेली. महाराजांनी तिचा गौरव केला आणि त्याच जागी बुरूज बांधला. या कथेतील मायेने सर्वांचे डोळे पाणावतात. परंतु ओळखीचा चेहरा पाहूनही दार न उघडणारा पहारेकरी आणि उघड झालेली वाट तत्काळ बंद करणारा राजा यांच्यापासून आजचा व्यापारी काही शिकला आहे काय?

१९०६ साली पुण्यात स्थापन झालेल्या कॉसमॉस सहकारी बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये घाला पडला. हल्लेखोरांनी भिंत फोडली नाही, बंदूक रोखली नाही. एटीएम व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या यंत्रणेची बनावट प्रतिकृती त्यांनी उभी केली. बँकेच्या नावाने 'होय' म्हणणारी ती बँक नव्हतीच! ११ ऑगस्ट रोजी २८ देशांतून सुमारे ७८ कोटी रुपये काढले गेले. १३ ऑगस्टला आणखी सुमारे १४ कोटी रुपये हाँगकाँगमधील खात्यात वळविण्यात आले. देशातील रक्कम धरून एकूण लूट ९४ कोटींच्या घरात गेली. २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरविले. पण पडद्यामागचे सूत्रधार हाती लागले नाहीत.

ही मोठ्यांची दुखणी, लहान पेढीकडे कोण पाहतो, असा युक्तिवाद हमखास केला जातो. तो भाबडेपणाचा आहे. चोरलेले पासवर्ड हजारो ठिकाणी लावून पाहण्याचे काम आता यंत्रे करतात. त्यांना लहानमोठे कळत नाही. अमेरिकेतील कोलोनियल पाइपलाइन ही अवाढव्य इंधनवाहिनी मे २०२१ मध्ये ठप्प झाली. कारण काय? वापरात नसलेले पण बंद न केलेले एक खाते, त्याचा फुटलेला पासवर्ड आणि दुसऱ्या पुराव्याची मागणीच न करणारे प्रवेशद्वार. कंपनीला सुमारे ४४ लाख डॉलर खंडणी मोजावी लागली.

आपल्याकडे निराळे काय घडते? एकच पासवर्ड चौघे कारकून वापरतात, तो टेबलाच्या काचेखाली लिहिलेला असतो. नोकरी सोडून गेलेल्याचे खाते वर्षानुवर्षे जिवंत राहते. मालकाच्या नावाने ईमेल येतो आणि दूरध्वनीवर खातरजमा न करता रक्कम रवाना होते. दुकानाच्या शटरला तीन कुलुपे लावणारा हाच गृहस्थ संगणकावर दुसरे कुलूप लावण्यास 'कटकट' म्हणतो!

प्रत्येकाला स्वतंत्र खाते, कामापुरताच अधिकार, पासवर्डसोबत दुसरा पुरावा आणि निरोपाच्या दिवशीच खाते बंद, या चार गोष्टींना भांडवल लागत नाही, शिस्त लागते. तरीही घाला पडलाच, तर अब्रूच्या भयाने तो दडविणे हा दुसरा अपराध होय. असे प्रकार सहा तासांत 'सर्ट-इन'ला कळविण्याचे बंधन एप्रिल २०२२ च्या निर्देशांनी घातले आहे. एकाने लपविलेली वाट उद्या शेजाऱ्याच्या घरात उघडते.

पेढीचे नाव पिढ्यांच्या सचोटीतून उभे राहते. ते कोणा परक्याला एका रात्रीत धारण करता येत असेल, तर दोष केवळ चोराचा म्हणता येणार नाही. कडा उघडा पडला आहे. बुरूज कधी बांधणार?