मधोमध मीटर

खडवलीत भातसेच्या काठाने फार्महाऊसं वाढली, तशा गेरूच्या भिंतीही वाढल्या. गेरूवर पांढरी वारली चित्रं. त्यातली एक भिंत परवा जवळ जाऊन पाहिली. तारपा नाच आहे. माणसं हात गुंफून फेरात उभी आहेत, सगळी एका मापाची. साचा वापरला असणार. फेराच्या मधोमध विजेच्या मीटरचा डबा आहे. तारपकऱ्याला तिथे जागा उरली नाही. म्हणून तो उजव्या कोपऱ्यात, पाण्याच्या नळाच्या वर सरकला आहे.

तारपा नाचात फेर फिरतो तो तारपकऱ्याभोवती. त्याचे सूर बदलले की पावलं बदलतात, आणि नाचणारे त्याच्याकडे पाठ करत नाहीत. या भिंतीवर निम्म्या मंडळींची पाठ त्याच्याकडेच आहे. ती मीटरभोवती नाचताहेत.

खाली रंगवणाऱ्याचं नाव आणि मोबाइल नंबर आहे, ठळक. तो तिथेच दुसऱ्या भिंतीला गेरू मारत होता. कुणाचं पाहून काढलं, असं विचारलं. ‘वारलीवरून प्रेरणा घेतली,’ तो म्हणाला. त्याला बोल लावण्यात अर्थ नाही. त्याला पैसे चौरस फुटावर मिळतात, आणि मीटर हलवणं त्याच्या हातात नाही.

पण उत्तर पाहा. राजा रविवर्म्याची नक्कल करणारा ‘केरळवरून प्रेरणा घेतली’ असं कधी म्हणतो का? लग्नाच्या चौकापुरती, सवाशिणींच्या हातची ही चित्रं सत्तरच्या दशकात कागदावर आणि कापडावर आणणारा माणूस होता, आणि त्याला नाव होतं. जिव्या सोमा म्हसे. गाव गंजाड, तालुका डहाणू. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा गंजाड ठाणे जिल्ह्यातच होतं, म्हणजे खडवलीच्याच जिल्ह्यात. पालघर वेगळा झाला तो २०१४ मध्ये. म्हसे गेले २०१८ च्या मे महिन्यात. इतक्या अलीकडच्या चित्रकाराला आपण गुहेतल्या अज्ञात माणसाच्या रांगेत बसवलं आहे. ‘लोककला’ म्हटलं की झालं. लोकांची ती कुणाचीच नाही, असा त्याचा सोयीचा अर्थ.

परक्यांना नाव घेणं अवघड गेलं नाही. रिचर्ड लाँग हा ब्रिटिश कलावंत वारल्यांच्या मुलखात आला, तिथे राहून काम केलं, आणि २००३ साली ड्युसेलडॉर्फच्या संग्रहालयात त्याचं आणि म्हशांचं काम एकत्र मांडलं गेलं. दोन्ही नावं शेजारी शेजारी होती.

शिवाय गंजाड थांबलेलं नाही. तिथल्या मयूर आणि तुषार वायेडा या भावांनी जपानमधलं मत्स्यालय पाहिलं आणि ‘द डीप’ नावाचं चित्रपुस्तक केलं. वारली रेघेत खोल समुद्र. प्रेरणा घेणं म्हणजे काय, हे यावरून कळायला हरकत नाही. डोळ्यांसमोर नवं काही आलं, त्यांनी ते आपल्या रेघेत उतरवलं. आपल्या भिंतींवर मात्र तोच नाच, तेच दोन त्रिकोण, तीच बैलगाडी. ज्यांची रेघ उचलली ते समुद्रात उतरून नवे मासे काढताहेत, हे बघायला कुणाला सवड नाही.

फार्महाऊसच्या मालकांनी चहाला आत बोलावलं. सोफ्याच्या वर हुसेनच्या घोड्यांचं छापील चित्र आहे. फ्रेमवाल्याने कडेची पट्टी पहिल्यांदा जरा जास्त आत घेतली होती, त्यामुळे कोपऱ्यातली सही झाकली जात होती. मालकांनी ती फ्रेम परत पाठवली आणि पुन्हा करून घेतली.